मुंबई सिटीचा पुढचा प्रशिक्षक कोण? नावाआधी विचारायला हवेत हे तीन प्रश्न

संघ लागोपाठ दोन सामने हरला की पुढचा मेसेज ठरलेला असतो: ‘कोच बदला!’ पाठोपाठ तीन-चार नावे येतात. कुणाला स्पॅनिश प्रशिक्षक हवा असतो, कुणाला खालिद जमील, तर कुणाला थेट युरोपातला एखादा मोठा माणूस. मुंबई सिटी एफसीचे अंधेरीतले मैदान हिंगोलीपासून पाचशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. पण वसमत किंवा कळमनुरीत मोबाईलवर सामना पाहणारा चाहताही या वादात तितक्याच हिरिरीने उतरतो.

वाद घालण्यात गैर काहीच नाही. अडचण एवढीच, की तो नावांपासून सुरू होतो आणि नावांवरच संपतो. मुंबई सिटीचाच गेल्या काही वर्षांचा इतिहास पाहिला, तर नाव ही या निवडीतली सगळ्यात शेवटची गोष्ट असायला हवी, हे लक्षात येते.

मुंबईने आजवर प्रशिक्षक कसे निवडले?

मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्याच वर्षी सर्जियो लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले. जानेवारी २०२० मध्ये साखळीचे तीन सामने बाकी असताना एफसी गोवाने ज्यांना पदावरून दूर केले होते, तेच हे लोबेरा. मुंबईत पहिल्याच हंगामात, २०२०-२१ मध्ये, त्यांनी लीग शील्ड आणि आयएसएल चषक दोन्ही जिंकले.

ही जादू एकट्या लोबेरांची नव्हती. ह्यूगो बूमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई हे त्यांचे गोव्यातले खेळाडूही मुंबईने आणले. प्रशिक्षकाला त्याच्या पद्धतीने खेळणारा संघ मिळाला, म्हणून निकाल मिळाला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये लोबेरा गेले आणि त्यांच्या जागी डेस बकिंगहम आले. वय ३६ वर्षे, आधीचे काम याच ग्रुपच्या मेलबर्न सिटीत सहायक प्रशिक्षकाचे. इथल्या बहुतेक चाहत्यांनी त्यांचे नावही ऐकलेले नव्हते. पहिल्या हंगामात मुंबई पाचव्या स्थानावर राहिली आणि प्लेऑफही हुकला. तेव्हाच मतदान घेतले असते, तर बकिंगहम यांची गच्छंती नक्की होती.

क्लबने त्यांना ठेवले. २०२२-२३ मध्ये मुंबई साखळीत सलग १८ सामने अपराजित राहिली, २० सामन्यांत ५४ गोल केले आणि ४६ गुणांसह शील्ड परत आणली. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मानही याच संघाने मिळवला होता.

बकिंगहम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये पीटर क्रॅटकी आले. तेही मेलबर्न सिटीचेच सहायक. मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून मुंबईने चषक उचलला. पुढच्या हंगामात मात्र बाद फेरीत बंगळुरूने मुंबईचा ५-० असा धुव्वा उडवला. माणूस तोच, पद तेच, निकाल दोन टोकांचे.

मग आता नेमके काय बदलले?

डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला. जगभरातल्या क्लबांतून आपल्या पद्धतीत तयार झालेला माणूस हेरून मुंबईला पाठवणारी यंत्रणाही त्याच्यासोबत गेली. बकिंगहम आणि क्रॅटकी ही दोन्ही नावे त्या यंत्रणेतून आली होती. पुढचे नाव शोधण्याचे काम क्लबला स्वतःच्या बळावर करावे लागेल. ‘पुढचा कोण?’ या चर्चेला आता पूर्वीपेक्षा जास्त वजन आहे ते यामुळे.

पहिला प्रश्न: संघाला कसे खेळायचे आहे?

हळद असो वा सोयाबीन, शेजारच्या रानात उतारा चांगला आला म्हणून हिंगोलीचा शेतकरी तेच वाण डोळे झाकून पेरत नाही. तो आपली जमीन आणि आपले पाणी आधी बघतो. मँचेस्टर युनायटेडने हे पाहिले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी रुबेन अमोरिम यांना आणले. त्यांचा भर तीन बचावपटूंच्या रचनेवर होता आणि संघ मात्र चार बचावपटूंच्या रचनेसाठी बांधलेला होता. जानेवारी २०२६ मध्ये अमोरिम यांना जावे लागले. स्पोर्टिंग लिस्बनला पोर्तुगालची लीग जिंकून देणारा माणूस रातोरात नालायक झाला नव्हता. जमीन वेगळी होती.

दुसरा प्रश्न: वेळ किती देणार?

ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये आले. पहिला चषक मिळाला मे १९९० मध्ये. त्यांच्यानंतर आलेल्या डेव्हिड मॉइस यांच्याशी करार सहा वर्षांचा होता आणि प्रत्यक्षात त्यांना दहा महिनेही मिळाले नाहीत. प्रत्येकाला साडेतीन वर्षे द्यावीत असा याचा अर्थ नाही. पण किती वेळ द्यायचा आणि कशावरून जोखायचे, हे नेमणुकीच्या दिवशीच ठरलेले असावे. दोन पराभवांनंतर संतापाच्या भरात ते ठरवू नये.

तिसरा प्रश्न: भारतीय प्रशिक्षक फक्त हंगामीच का?

लोबेरा गेल्यावर २०२० मध्ये गोव्याची धुरा क्लिफर्ड मिरांडा यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून सांभाळली आणि गोवा साखळीत अव्वल राहिला. २०२३ मध्ये पुन्हा हंगामी म्हणूनच त्यांनी ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. पुढच्या हंगामासाठी ओडिशाने प्रशिक्षक नेमला तो लोबेरा यांना.

खालिद जमील यांनी मुंबई एफसीसारखा कमी बजेटचा संघ कित्येक वर्षे सांभाळला. २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या ऐजॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. तरीही आयएसएलमध्ये कायमस्वरूपी मुख्य प्रशिक्षक व्हायला त्यांना आणखी चार वर्षांहून जास्त वाट पाहावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले, पण तिथेही सिंगापूर आणि बांगलादेशाविरुद्धचे पराभव वाट्याला आले. म्हणजे भारतीय माणूस नेमला की सगळे आपोआप सुटते, असेही नाही. मागणी एवढीच, की संकटकाळात चालणारा माणूस हंगामाच्या सुरुवातीलाही चालायला हवा. एएफसी प्रो परवाना हाती असलेल्या भारतीय प्रशिक्षकाचे नाव किमान अंतिम यादीत तरी दिसावे.

चाहत्याच्या हातात काय?

बार्सिलोनात क्लबचे सभासद मतदान करून अध्यक्ष निवडतात. मुंबईच्या चाहत्याला असे मत नाही, हिंगोलीच्या चाहत्याला तर नाहीच. पण क्लब जर्सी विकतो, प्रेक्षकसंख्या मोजतो आणि प्रायोजकांना हीच गर्दी दाखवतो. अशा गर्दीने ‘अमुक नाव आणा’ म्हटले, तर क्लबला एखादे चमकदार नाव आणून ती शांत करता येते. ‘खेळायचे कसे, वेळ किती आणि खेळाडू कोणते आणणार?’ असे विचारले, तर क्लबला आपला आराखडा सांगावा लागतो.

पुढच्या पराभवानंतर ग्रुपवर नावांची यादी पडेलच. तिच्याखाली कोणीतरी हे तीन प्रश्नही टाकले, तर तो वाद मालकांनाही ऐकावासा वाटेल.