निर्णय रस्त्यावर, निदान रुग्णालयात

महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. अपुऱ्या माहितीवर, काही मिनिटांत त्याला ठरवावे लागते: जागेवरच उपचार करायचे की थेट कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय गाठायचे? २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळच्या शिरोलीपाशी महामार्गच बंद झाला. अशा वेळी नेहमीचे ठोकताळे चालत नाहीत. तेव्हा काय करावे ही जाण अनुभवातून येते, पण रुग्णाचे पुढे काय झाले हेच कळले नाही, तर चूकही सवय बनते. म्हणून कोल्हापुरातील रुग्णालयांनी अंतिम निदान या डॉक्टरांना नियमित कळवावे. गोपनीयतेचा आक्षेप रास्त आहे. पण नाव वगळून निदान सांगता येते. कामाचा ताण वाढेल, हेही खरे. मात्र महिन्यातला एक तास या निदानांवरील चर्चेला दिला, तर पुढचा निर्णय अधिक अचूक होईल. हेतू दोष शोधण्याचा नव्हे, शिकण्याचा हवा.