सूनबाईचे कार्ड माहेरी गेले का?



भात लावणीचे दिवस तोंडावर आले आहेत. या अंकी चारसूत्री लागवडीविषयी लिहायचे होते, ते पुढच्या वेळी. मुळशी खोऱ्यातल्या एका गावी बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करून दाखवली, तेव्हा मागे बसलेल्या एका आजीबाईंनी विचारले, "साहेब, माती तपासून पिकाचे दुखणे अगोदर कळते म्हणता. मग सुनेचे रक्त तपासून बाळंतपणात तिचे बी.पी. वाढणार का, हे कळते का? पुण्यात तशी तपासणी निघालीय म्हणे." पुरुष मंडळी हसली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मी शेतकीचा माणूस, डॉक्टर नव्हे. तेव्हा जाणकारांकडून समजून घेतले ते सांगतो.

गरोदरपणी पाचवा महिना उलटल्यावर काही बायकांचा रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक चढतो आणि लघवीवाटे प्रथिने जाऊ लागतात. वेळीच लक्ष दिले नाही तर झटके येतात. आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतते. जुनी माणसे याला बाहेरची बाधा म्हणत आणि अंगारा-धुपारा करीत. त्यात किती घरच्या लेकी गेल्या असतील, त्याची मोजदाद कोठे आहे?

या दुखण्याचे मूळ बहुधा वारेत असते. गर्भ रुजतो तेव्हा आईच्या गर्भाशयातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. नवे शेत भिजवायचे तर पाट रुंद करावा लागतो, तसेच हे. पाट अरुंदच राहिला तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. वारेला रक्त कमी पडले की ती आईच्या रक्तात एक प्रथिन जास्त प्रमाणात सोडू लागते. हे प्रथिन रक्तवाहिन्या निरोगी राखणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाला धरून ठेवते, त्याचे काम होऊ देत नाही. मग आईच्या सर्व अंगातल्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते. दाब वाढतो, मूत्रपिंडाची चाळणी सैल होते. हा उलगडा २००३ साली अमेरिकेत बॉस्टन येथे भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पुढच्याच वर्षी असे दिसून आले की अडवणारे प्रथिन दुखणे दिसण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीच चढू लागते, आणि उपयोगाचे प्रथिन तर चौथ्या महिन्यापासूनच कमी असते.

जुन्नर-नारायणगावकडचे द्राक्ष बागायतदार देठ-परीक्षण करतात ना, त्याच्या जवळचा हा प्रकार. पान हिरवेगार दिसत असते, पण देठ प्रयोगशाळेत गेला की उपासमार उघडी पडते.

आता आजीबाईंच्या पुण्याविषयी. तेथे भारती विद्यापीठाच्या आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. साधना जोशी व त्यांचे सहकारी बरीच वर्षे याच दुखण्यामागे लागलेले आहेत. रक्तदाब वाढलेल्या गरोदर बायकांच्या रक्तात होमोसिस्टीन नावाचा घटक जास्त असतो, असे त्यांना आढळले. ब-१२ जीवनसत्त्व किंवा फॉलिक ॲसिड कमी पडले की हा घटक साचतो. त्यांच्या एका मोठ्या अभ्यासाची रीत मला फार पटली. एकाच बाईचे रक्त एकदाच न घेता, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, पाचव्यात, सातव्यात आणि बाळंतपणाच्या वेळी असे पुन्हा पुन्हा घेतले. एका आकड्यावर विसंबायचे नाही, आकड्यांची रांग लावायची.

तपासणी आहे हे खरे. त्या दोन प्रथिनांचे गुणोत्तर काढतात. ते ३८ किंवा त्याखाली आले तर पुढच्या आठवडाभरात हे दुखणे उमटण्याचा संभव फारच थोडा, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. पण ही तपासणी डॉक्टरांना शंका आली असेल त्या बाईसाठी आहे. धडधाकट सुनेला उगाच पुण्याला नेऊन खर्चात पडण्याचे कारण नाही. आणि शंका येणार कशावरून? रक्तदाब आणि लघवी यांवरून. ही तपासणी उपकेंद्रावर फुकट होते, पौडच्या ग्रामीण रुग्णालयात होते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरकडून खास तपासणी असते.

घोडे पेंड खाते ते येथेच. पहिलटकरणीला हे दुखणे होण्याचा संभव अधिक. आणि आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की चोळी-बांगडी घेऊन पोर माहेरी जाते. दुखणे डोके वर काढते ते बहुधा यापुढच्याच महिन्यांत. ओटी भरली जाते, लाडू बांधून दिले जातात. आशाताईंनी भरलेले माता-बाल संरक्षण कार्ड मात्र सासरच्या कपाटात राहते.

याने काय बिघडते ते पाहा. समजा, तिसऱ्या महिन्यात सूनबाईचा दाब १०० वर ६० होता. आठव्या महिन्यात माहेरच्या दवाखान्यात तो १३० वर ८४ भरला. तेथल्या डॉक्टरांपुढे कार्ड नसेल तर आकडा ठीकच दिसणार, १४० च्या आतला आहे. कार्ड असेल तर ते दचकतील, लघवी तपासतील, चार दिवसांनी पुन्हा बोलावतील. म्हणून नाव तिसऱ्या महिन्याच्या आत नोंदवा, म्हणजे मूळचा आकडा हाती राहतो. मध्यंतरी दाब थोडा उतरत असल्याने उशिराची पहिली नोंद फसवी ठरते. लावणीचा पैरा आहे म्हणून तपासणी चुकवू नका. पैरा एक दिवस पुढे ढकलता येतो.

आजार, जुळे, आधीच्या खेपेचा रक्तदाब, मधुमेह असेल तर पहिल्याच भेटीत सांगावे. अशांना डॉक्टर चौथा महिना संपण्याआधी ॲस्पिरिनची बारीक मात्रा सुरू करतात. ती आपल्या मनाने दुकानातून आणायची नाही.

खाण्याविषयी थोडे. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास केला, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश बायकांत ब-१२ कमी निघाले. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. गोठ्यात गाय आहे, दूध सगळे डेअरीला आणि सुनेच्या कपात कोरा चहा, असा कारभार मी स्वतः पाहिलेला आहे. एक पेला दूध घरी ठेवल्याने डेअरीचे बिल किती उतरते, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. दुधाने रक्तदाबाचे दुखणे टळते असे मात्र कोणी सांगितले तर मान डोलावू नका.

कॅल्शियमचे तसे नाही. ज्यांच्या आहारात ते कमी, त्यांना ते दिल्याने हे दुखणे कमी होते, हे सिद्ध झालेले आहे. रोज ५०० मिलिग्रॅमची मात्राही १,५०० इतकीच पुरते, असे बंगळुरूच्या ११,००० बायकांवरील अभ्यासात दिसले. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. सरकारी गोळ्या चौथ्या महिन्यानंतर मिळतात. लोहाची गोळी आणि ही गोळी एका वेळी घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. वरकस जमिनीतली आपली नाचणी कॅल्शियमने भरलेली आहे. ती विकून पाव-बिस्किटे आणणे हा तोट्याचा सौदा.

झटक्यांवरचे औषध ऐकून शेतकऱ्याला नवल वाटेल. पाने पिवळी पडली की आपण जे मॅग्नेशियम सल्फेट फवारतो, त्याचेच शुद्ध केलेले इंजेक्शन. २००२ च्या एका जागतिक अभ्यासात त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आणला. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी आपल्याकडच्या बायकांच्या अंगकाठीला बेताची अशी त्याची कमी मात्रा सुचवली. हे काम दवाखान्यातले. खताच्या पिशवीतले मीठ माणसाच्या जवळही आणू नये.

आता घरच्या मंडळींनी लक्षात ठेवायचे. पायावर थोडी सूज बहुतेकींना येते. परंतु तोंडावर-हातावर एकाएकी सूज, अंगठी काढता न येणे, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसणे, उजव्या बरगडीखाली कळ, लघवी कमी होणे, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, रात्र असो की मुसळधार पाऊस. बाळंतीण झाली म्हणजे सुटली असेही नाही; नंतरच्या दिवसांतही झटके येतात, तेव्हा घरी आल्यावर आशाताईंकडून किंवा उपकेंद्रात तिचा दाब तपासून घ्या आणि आकडा त्याच कार्डावर लिहायला सांगा.