जुनी वही केव्हां मिटावी?

हिशेबाची पद्धति बदलणें हा प्रश्न केवळ पेढीचा नसतो, तो घराचाहि असतो. दुकानाचा कारखाना झाला, कारखान्याची कंपनी झाली; परंतु हिशेब मात्र पंधरा-वीस वर्षांपूर्वीं घेतलेल्या संगणकप्रणालीवरच चालला आहे, अशीं घरें वाचकांच्या पाहण्यांत असतीलच. ती प्रणाली केव्हां बदलावी, याचा विचार आज करूं.

वैजापूरच्या व्यापाऱ्यांस हा प्रसंग नवा नाहीं. १९४८ पर्यंत हें गांव निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें, तर लगतचीं येवलें व कोपरगांव मुंबई इलाख्यांत. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार रुपया. सात हालींस सुमारें सहा कलदार असा हिशेब. १९५० मध्यें हालीच्या जोडीस भारतीय रुपया आला, १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९५९ मध्यें हाली नाणें कायमचें बंद झालें. मात्र तेव्हां दिवस सरकारनें ठरविला होता. आज तो घरानेंच ठरवावयाचा आहे, आणि म्हणूनच तो लांबणीवर पडतो.

वेळ आली हें ओळखावें कसें? पहिली खूण कायद्याची. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीच्या हिशेबांतील प्रत्येक फेरफाराची तारीखवार नोंद प्रणालीनें आपोआप ठेविली पाहिजे, असा नियम आहे. यासाठीं बाहेरच्या कागदांची ठिगळें लावावीं लागत असतील, तर वस्त्र विरलें असें समजावें. दुसरी खूण, महिन्याचा मेळ पुढचा महिना अर्धा सरला तरी लागत नाहीं. तिसरी, प्रणाली करणाऱ्यानेंच तिची देखभाल सोडली आहे. चौथी आमच्या मतें सर्वांत गंभीर: तिचीं मर्में एकट्या वृद्ध दिवाणजींसच ठाऊक आहेत. ते निवृत्त झाले आणि पुढें भावाभावांत वांटणीचा प्रश्न निघाला, तर आंकडे कोणाचे खरे मानावयाचे? जेथें आंकडा संशयास्पद, तेथें मनें दुरावण्यास वेळ लागत नाहीं.

तथापि घाईहि नको. अमेरिकेतील हर्शी या प्रसिद्ध चॉकलेट कंपनीनें १९९९ च्या जुलैंत, ऐन हंगामाच्या तोंडावर, नवी प्रणाली सुरू केली. वखारींत माल असूनहि दहा कोटी डॉलरांहून अधिक किंमतीच्या मागण्या वेळेवर पुरवितां आल्या नाहींत. आपल्याकडे कापसाच्या जिनिंगवाल्यानें दसऱ्यानंतर या कामास हात घालूं नये. त्यास एप्रिल, म्हणजे आर्थिक वर्षाचा आरंभ, सोयीचा. कांद्याच्या व्यापाऱ्यास मात्र तेव्हां उन्हाळी माल येत असतो. त्यानें जुलैची तिमाही पाहावी.

दोन महिने जुनी व नवी पद्धति शेजारीं चालवावी व दोहोंचा मेळ बसल्यावरच जुनी थांबवावी. वाणिज्याचें शिक्षण घेतलेल्या घरांतील मुली-सुनांनाहि या तपासणींत बसवावें. जाणणारीं माणसें चार झालीं कीं एकावरचा भार व संशय दोन्ही उतरतात. जुने दप्तर टाकूं मात्र नये, कारण कंपनीस आठ वर्षांचे हिशेब जपावेच लागतात. दिवाणजी कामावर आहेत तोंवरच नवी वही उघडावी, म्हणजे जुन्या नोंदींचा अर्थ सांगण्यास त्यांचा आधार राहील.