एक संध्याकाळ घरासाठी

शाळा, शिकवणी, संस्कारवर्ग आणि सुटीतील शिबिर यांची सोय लावून दिली की पालकत्वाचे कर्तव्य संपले, असा समज सुशिक्षित घरांत दृढ होत चालला आहे. मुलाच्या हातातील मोबाइल काढून घेणारा पिता स्वतः मात्र जेवतानाही तो खाली ठेवत नाही. मूल उपदेशापेक्षा आचरणातून शिकते.

रा. स्व. संघाने २०२५च्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या ‘पंच परिवर्तना’त कुटुंब प्रबोधनाचा समावेश आहे. आठवड्यातून एकदा तरी सर्वांनी एकत्र भोजन आणि मनमोकळा संवाद करावा, यावर त्यात भर आहे. हे आवाहन प्रथम कार्यकर्त्यालाच लागू होते. बैठका आणि प्रवास यांत त्याच्या संध्याकाळी सरतात. नोकरी करणारी गृहिणी एकटीच मुलांचे सारे पाहते. समाजासाठी वेळ देणे हे व्रत खरेच. परंतु स्वतःचे घरही त्याच समाजाचा घटक आहे.

ताटावर बसल्यावर ‘गुण किती मिळाले?’ असे न विचारता ‘आज काय घडले?’ असे विचारावे आणि उत्तर पुरे होईपर्यंत ऐकावे. आपले अपयश जे मूल घरात निर्भयपणे सांगू शकते, तेच उद्या बाहेर ताठ उभे राहते. राष्ट्र घडविण्याचे काम तेथूनच सुरू होते.