काडतूस सुधारले, कारभार कधी सुधारणार?

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ टी-१ ऊर्फ अवनी वाघीण मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. महाराष्ट्राच्या वन विभागाने हैदराबादचे शिकारी नवाब शफतअली खान यांना पाचारण केले होते. गोळी झाडली ती त्यांचे पुत्र असगर अली यांनी. अशा प्रसंगी दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, शिकारी बोलवा आणि त्याला भारी रायफल द्या. दुसरा म्हणतो, जंगलात बंदूकच नको. दोघांचीही नजर हत्यारावर खिळलेली असते. प्रत्यक्षात भारी काडतुसांचा इतिहास पाहिला, तर खरी उणीव हत्यारात नसून ते वापरण्याच्या पद्धतीत आहे, हे ध्यानात येते.

१८९८ मध्ये लंडनच्या रिग्बी कंपनीने आणलेले ४५० नायट्रो एक्स्प्रेस हे मुळात काळ्या दारूच्या सव्वातीन इंची काडतुसाचेच नवे रूप होते. जिथे सुमारे आठ ग्रॅम काळी दारू भरली जाई, तिथे साडेचार ग्रॅम कॉर्डाइट ही धूररहित दारू आली आणि ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेसहाशे मीटर वेगाने सुटू लागली. पुढे १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात ४५० बोअरच्या आयातीवर बंदी घातली, कारण जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीचा बोअरही तोच होता आणि दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडण्याची धास्ती होती. बंदूक बनवणाऱ्यांनी लगेच ४६५, ४७० असे नवे बोअर काढले. ताकद जवळपास तीच राहिली, बदलला तो आकडा. १९५६ मध्ये विंचेस्टरने तेवढीच ताकद अडीच इंची पुंगळीत बसवून ४५८ मॅग्नम आणले. दाबून भरलेल्या दारूचे गठ्ठे होऊन सुरुवातीच्या काही काडतुसांचा वेग जाहीर आकड्यापेक्षा कमी पडे. हा दोषही पुढे दूर झाला. अंगावर येणारे जनावर जवळून थोपवण्याचा प्रश्न अशा रीतीने तंत्राने सोडवला. जनावर मारायचे की नाही, आणि समोरचे जनावर तेच आहे का, या प्रश्नांना मात्र कोणत्याही बोअरकडे उत्तर नाही.

ते उत्तर कायद्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ नुसार जनावर पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलवणे शक्य नाही अशी खात्री झाल्यावरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतात. अवनीच्या वेळी तिला मारण्याच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नव्हता. तरीही पथकासोबत पशुवैद्यक नव्हता आणि कार्यपद्धतीचा भंग झाला, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत आढळले. आदेश कायदेशीर असला, म्हणून त्याची अंमलबजावणीही आपोआप तशी होत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. शेतात माणसे मरत असताना कागद कसले रंगवता, हा पहिला. तो रास्त आहे; म्हणूनच पथक आधीपासून सज्ज हवे, म्हणजे संकटाच्या वेळी पशुवैद्यक शोधत फिरावे लागणार नाही. दुसरा आक्षेप असा की, वन विभागाकडे अनुभवी नेमबाज आहेतच कुठे? निजामी हैदराबादेत शिकार हा दरबारी इतमाम होता. १९७२ नंतर ती परंपरा कायद्याने थांबली आणि ते कसब मोजक्या हातांत उरले, हे खरे. पण ज्याचे कसब दुर्मीळ आहे, त्याला शिक्षक नेमावे. दर वेळी त्याच्याच हाती गोळी देऊन मोकळे होऊ नये. महाराष्ट्राने प्रत्येक वन्यजीव विभागात वनरक्षक, पशुवैद्यक आणि प्रशिक्षित नेमबाज यांचे कायमचे पथक उभारावे, भारी रायफल शासनाच्या शस्त्रागारात ठेवावी आणि प्रत्येक मोहिमेचा अहवाल जाहीर करावा. गोळी झाडावीच लागली, तर तिची जबाबदारी घेणारे शासन असले पाहिजे, पाहुणा शिकारी नव्हे.