पॅड बांधून बसलेल्यांसाठी

देवासच्या अजय रोहेराने डिसेंबर २०१८ मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर हैदराबादविरुद्ध नाबाद २६७ धावा ठोकल्या आणि प्रथम श्रेणी पदार्पणातला तेव्हाचा विश्वविक्रम आपल्या माळव्यात आला. त्याआधीच्या २६० धावा अमोल मुजुमदार यांच्या होत्या, १९९४ साली मुंबईकडून हरियाणाविरुद्ध केलेल्या.

१९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर-विनोद कांबळीने ६६४ धावांची भागी रचली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून शाळकरी अमोल पॅड बांधून बसून होता. पाळी आलीच नाही. पुढे प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा आणि ३० शतकं झाली, पण भारताची टोपी काही मिळाली नाही.

२०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. १९ ऑक्टोबर २०२५ ला विश्वचषकात भारत इंदुरात इंग्लंडकडून चार धावांनी हरला. तो सलग तिसरा पराभव. त्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला वगळलं होतं. पुढच्याच सामन्यात तिला परत घेतलं, तेही तिसऱ्या क्रमांकावर. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाने ३३८ धावांचा डोंगर उभा केला. मुजुमदारांनी ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर एवढंच लिहिलं की, त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. जेमिमा नाबाद १२७. तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारताने चषक उचलला.

याला नशिबाची भरपाई म्हणणं मला पटत नाही. बाहेर बसलेल्या खेळाडूच्या मनात काय चालतं, हे मुजुमदारांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. अर्थात, खेळलेला प्रत्येक जण शिकवू शकतो असंही नाही. राजस्थान रॉयल्स, दक्षिण आफ्रिका आणि मुंबई या संघांसोबत त्यांनी आधी प्रशिक्षक म्हणून उमेदवारी केली होती.

धार-देवासमध्येही आंतरशालेय स्पर्धा गाजवलेली मुलं असतात. वरच्या संघात निवड झाली नाही की दुकानात नाहीतर कारखान्याच्या पाळीत रमतात, आणि मैदान त्यांना विसरतं. शाळांनी अशा माजी खेळाडूंना शोधावं, प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करायला लावावा, आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांसमोर उभं करावं. आणि हो, सेवाभावाच्या नावाखाली फुकट राबवू नये. मानधन द्यावं, तेही वेळेवर.