दूरच्या पाखराचें मोल

घरांतील तरुणास पक्ष्यांचीं छायाचित्रें घेण्याचा छंद जडला, कीं मोठ्या भिंगाची मागणी लवकरच वडीलधाऱ्यांपुढें येते. तेवढें द्रव्य नसेल तर दुकानदार ‘टेलिकन्व्हर्टर’ सुचवितो. भिंग व कॅमेरा यांच्यामध्यें बसणारी ही लहानशी जोड. इंग्रज गणिती पीटर बार्लो (१७७६–१८६२) यानें दुर्बिणीसाठीं योजिलेल्या अंतर्गोल भिंगाचेंच तत्त्व हिच्यांत आहे. दोनपट जोडीनें ३०० मिलिमीटरचें भिंग ६०० चें होतें.

परंतु प्रतिमा लांबीरुंदीनें दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळानें चौपट झाली. आंत येणारा प्रकाश मात्र तेवढाच. म्हणून तेज एक-चतुर्थांश उरतें, एफ २.८ चें भिंग एफ ५.६ चें होतें. १.४ पट जोडींत तेज निम्में राहतें. शिवाय पाखराबरोबर हाताचा कंप व मूळ भिंगाचे दोषही मोठे दिसतात.

तेव्हां मूळ भिंग उत्तम, तिवई भक्कम असेल, तरच ही जोड घ्यावी. तीही प्रथम १.४ पट. सर्वच भिंगांस ती बसत नाहीं, हें आधीं पाहावें. एरवीं चार पावलें हलकेंच पुढें जाणें बरें. घरट्यावरील पक्ष्याजवळ मात्र जाऊं नये. चित्र लहान आलें तरी चालेल. पक्षीण उडून अंडीं थंड पडतां कामा नयेत.